आडनावाला क्रेस्ट नसतो

ब्रिटनमधल्या पर्यटकांच्या दुकानांत स्मिथ, टेलर, कूपर अशा आडनावांप्रमाणे मांडलेले कप, किल्ल्यांच्या कड्या आणि चौकटीतली रंगीत चित्रे विकायला असतात. त्यांवर 'फॅमिली क्रेस्ट' असे छापलेले असते. मधोमध ढाल, ढालीवर सिंह किंवा चांदण्या, वर शिरस्त्राण, खाली पट्टीवर लॅटिन ब्रीद. हाच व्यवहार आता इंटरनेटवरही चालतो. आडनाव टाकले की मिनिटाभरात चित्र तयार. या मालावरच्या दोन शब्दांपैकी एकही खरा नाही. क्रेस्ट म्हणजे त्या चित्राचा फक्त सर्वांत वरचा भाग, आणि ते चिन्ह त्या आडनावाच्या कुटुंबांचे नसतेच. पहिली चूक काही ठिकाणी चालवून घेता येते. दुसरी चालवून घेऊ नये, कारण तिच्या आडून खोटा इतिहास विकला जातो. आपल्याकडेही बातम्या, माहितीफलक आणि घराण्यांविषयीचे लेखन यांत क्रेस्ट, राजमुद्रा, राजचिन्ह, बोधचिन्ह हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, म्हणून हा विषय मराठीत नीट मांडायला हवा.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. पश्चिम युरोपात बाराव्या शतकाच्या मध्याला सरदारांच्या ढालींवरची चित्रे स्थिर झाली आणि बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. फ्रान्समधल्या आंजूचा सरदार जेफ्री याच्या समाधीवरच्या मीनाकामात त्याच्या हाती निळी ढाल आहे, तिच्यावर सोनेरी सिंह. १२२६ साली वारलेला त्याचा नातू विल्यम लाँगस्पे याच्या सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमधल्या समाधीवर तशीच ढाल दिसते. आजोबांची ढाल नातवाकडे आली, इथून या शास्त्राची सुरुवात धरतात. त्याला हेरल्ड्री म्हणतात, आणि त्याचा गाभा ढाल हाच आहे. ढालीवरच्या चिन्हाला 'आर्म्स' किंवा 'कोट ऑफ आर्म्स' म्हणतात. हे चिन्ह चिलखतावरून घालायच्या बिनबाह्यांच्या अंगरख्यावरही काढीत, त्यावरून तो 'कोट'.

क्रेस्ट नंतर आला. ढालीच्या वर शिरस्त्राण काढतात. शिरस्त्राणाभोवती पिळलेल्या कापडाचा वेढा असतो. चित्रात त्याचे सहा पेड दाखवतात, एक धातूच्या रंगाचा, एक साध्या रंगाचा, असे एकाआड एक. त्या वेढ्यातून वर आलेली आकृती, म्हणजे सिंह, पक्षी, हात किंवा शिंगांची जोडी, एवढीच क्रेस्ट. पगडीवर तुऱ्याची जी जागा, तीच शिरस्त्राणावर याची, म्हणून या लेखात पुढे त्याला तुरा म्हटले आहे. ही मुळात खरीखुरी वस्तू होती. द्वंद्वांच्या खेळात ती शिरस्त्राणावर बांधत, आणि डोक्यावर भार नको म्हणून कातडे, कापड, लाकूड अशा हलक्या साहित्याची करत. १३७६ साली वारलेला इंग्लंडचा युवराज एडवर्ड, ज्याला 'ब्लॅक प्रिन्स' म्हणतात, त्याचे शिरस्त्राण सिंहाच्या तुऱ्यासह कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये आजही आहे. तुरा आणि ढाल या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे समजायला तेवढे पाहणे पुरे.

यातून एक नियम निघतो. ढाल तुऱ्याशिवाय असू शकते, तुरा ढालीशिवाय मिळत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निळ्या ढालीवर उघडे पुस्तक आणि तीन मुकुट आहेत, तुरा नाही. केंब्रिजला १५७३ साली चिन्ह मिळाले, त्यालाही नाही. तरी 'ऑक्सफर्डचा क्रेस्ट' असलेले सदरे जगभर खपतात. इंग्लंडच्या प्रथेत स्त्रियांना शिरस्त्राण आणि तुरा नसतो, कारण या वस्तू रणातल्या आणि खेळाच्या मैदानातल्या मानल्या. केट मिडलटन यांचे चिन्ह एप्रिल २०११ मध्ये, लग्नाच्या थोडे आधी, जाहीर झाले तेव्हा ते ढालीऐवजी शंकरपाळ्याच्या आकारावर होते, वर निळ्या फितीची गाठ होती आणि तुरा नव्हता. बिशपच्या ढालीवर परंपरेने टोपी असते, तुरा नसतो. सगळ्या चिन्हालाच क्रेस्ट म्हटले, तर ज्यांच्याकडे ती गोष्ट नाही त्यांनाही आपण ती देऊन बसतो.

मँचेस्टर शहराच्या उदाहरणात हा घोळ फार स्वच्छ दिसतो. या शहराला १८४२ साली चिन्ह मिळाले. लाल ढालीवर, नेहमीपेक्षा वर सरकवलेले तीन सोनेरी तिरपे पट्टे. ढालीच्या माथ्याच्या पांढऱ्या पट्टीत शिडे उभारलेले जहाज. दोन बाजूंना राखणदार म्हणून काळवीट आणि सिंह. आणि शिरस्त्राणावर तुरा: पृथ्वीचा गोल आणि त्यावर उडणाऱ्या मधमाश्या. कापड गिरण्यांच्या शहराचा उद्योग आणि त्याचा जगभरचा व्यापार त्यात एकत्र आला आहे. हे जहाज मँचेस्टरच्या जहाजी कालव्याचे, असे बरेच जण सांगतात. पण तो कालवा १८९४ चा, म्हणजे चिन्ह त्याच्या अर्धशतक आधीचे. २०१७ च्या बाँबस्फोटानंतर शहरभर भिंतींवर आणि लोकांच्या हातांवर जी मधमाशी उमटली, ती या तुऱ्यातली. आता मँचेस्टर सिटी फुटबॉल क्लबचे २०१६ पासूनचे चिन्ह पाहा. त्यात जहाज आहे, तीन तिरपे पट्टे आहेत, लँकशरचा लाल गुलाब आहे. सामन्यांचे निवेदक त्याला क्लबचा क्रेस्ट म्हणतात. त्यातले जहाज आणि पट्टे शहराच्या ढालीवरचे आहेत. शहराच्या खऱ्या तुऱ्यातले त्यात काहीच नाही. शहराच्या चिन्हाविषयी लिहिताना सगळ्यालाच क्रेस्ट म्हटले, तर मधमाश्यांच्या गोलाला काय म्हणायचे, याला उत्तर उरत नाही.

ही गल्लत अडाणीपणातून झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिचे कारण व्यवहारातले आहे. चमचा, अंगठी, नोकराच्या कोटाची बटणे, पत्राचा कागद यांवर पूर्ण चिन्ह मावत नाही. ढालीचे चार भाग, दोन राखणदार, ब्रीद असे सगळे नखाएवढ्या जागेत कोरले की गिचमिड होते. म्हणून अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सोनार आणि कोरक्ये फक्त तुरा कोरत. तुऱ्यांच्या चित्रांची जाडजूड पुस्तके त्यांच्यासाठीच निघाली. घरात रोज नजरेला पडे तो तुरा, म्हणून लोकांच्या तोंडी त्याचे नाव सगळ्या चिन्हाला लागले. पुढे शाळेच्या कोटाच्या खिशावरचे, क्लबच्या सदऱ्यावरचे, पलटणीच्या टोपीवरचे असे कुठलेही चिन्ह क्रेस्ट झाले. अमेरिकी सैन्यात पलटणीच्या बिल्ल्यालाही हेच नाव पडले आहे, आणि तिथले चिन्हखाते ते चूक असल्याचे सांगत असते.

फुटबॉलच्या सदऱ्यावर किंवा शाळेच्या खिशावर हा शब्द आता बसला आहे आणि तो तिथे राहू द्यावा, असे आमचे मत आहे. तिथे कोणाची फसवणूक होत नाही. क्लबचे चिन्ह क्लबचेच असते. पण इतिहास, पुरातत्त्व, वंशावळ, कायदा यांविषयी लिहिताना ढालीला ढाल आणि तुऱ्याला तुराच म्हणावे. अनुवादकांनी तर विशेष जपावे. इंग्रजी मजकुरात एखाद्या समाधीवर 'क्रेस्ट' आहे असे वाचून मराठीत 'राजचिन्ह' लिहिले, तर लेखकाला कदाचित फक्त पक्ष्याचे डोके अभिप्रेत होते, हे वाचकाला कधीच कळणार नाही.

आता मोठी चूक. इंग्लंडमध्ये चिन्ह व्यक्तीला मिळते आणि तिच्या औरस वंशजांकडे, मुख्यतः पुरुषांच्या ओळीने, जाते. एकच आडनाव असणे हा हक्क नव्हे. १३८५ च्या स्कॉटलंडच्या मोहिमेत रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रोव्हनर हे दोन सरदार एकच ढाल घेऊन आले: निळ्यावर सोनेरी तिरपा पट्टा. खटला चालला, शेकडो साक्षी झाल्या. त्यांत कवी चॉसर यांचीही साक्ष आहे. १३८९ साली निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला. ग्रोव्हनरने तीच ढाल रुपेरी काठ लावून वापरावी अशी तडजोड सुचली होती, पण पुढच्या वर्षी राजाने तीही फेटाळली: काठ लावून वेगळेपण दाखवणे जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाला शोभते, परक्याला नाही. शेवटी ग्रोव्हनर घराण्याने निळ्यावर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. एका पट्ट्यासाठी दोन सरदार वर्षानुवर्षे भांडले, कारण पट्टा ही मालमत्ता होती.

सख्ख्या भावांनासुद्धा प्रथेप्रमाणे ढाल जशीच्या तशी मिळत नाही. वडील हयात असताना थोरल्या मुलाने ढालीच्या वरच्या भागात तीन टोके असलेली पट्टी लावायची, दुसऱ्याने चंद्रकोर, तिसऱ्याने चांदणी, चौथ्याने बिनपायांचा पक्षी. स्कॉटलंड याहून कडक आहे. तिथे १६७२ च्या कायद्याने सार्वजनिक नोंदवही आली आणि लॉर्ड लायन या अधिकाऱ्याच्या न्यायालयाला नोंद नसलेले चिन्ह वापरणाऱ्यावर आजही कारवाई करता येते. स्कॉटिश टोळीतल्या सामान्य माणसाला चिन्ह मिरवायचेच असेल, तर त्याने प्रमुखाचा तुरा बकल लावलेल्या पट्ट्याच्या गोलात घालून लावायचा. तो पट्टा म्हणजे 'हा तुरा माझा नाही, माझ्या प्रमुखाचा आहे' अशी उघड कबुली असते. नुसता तुरा योग्य रीतीने वापरण्याची ही उत्तम पद्धत, आणि ती मालकीची रेघ किती काळजीने ओढते ते पाहण्यासारखे आहे.

दुकानदार काय करतो? जुन्या यादीत स्मिथ आडनावाचा, कधीकाळी चिन्ह मिळालेला एखादा माणूस शोधतो आणि त्याची ढाल जगातल्या सगळ्या स्मिथांना विकतो. स्मिथ म्हणजे लोहार. गावोगावच्या लोहारांची मुले स्मिथ झाली. त्यांचा त्या एका माणसाशी काही संबंध नाही. यादीत कोणी सापडलाच नाही, तर मिळत्याजुळत्या आडनावाचे चिन्ह खपवले जाते. लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स याबाबत स्पष्ट आहे: आडनावाचे चिन्ह अशी गोष्टच नसते. या संस्थेला १४८४ साली राजाची सनद मिळाली. तिचे तेरा अधिकारी आहेत आणि इंग्लंड, वेल्स, उत्तर आयर्लंडसाठी नवी चिन्हे देण्याचे काम तिथून चालते. मालकीचा हा नियम जुन्या काळाबरोबर मेला नाही. मँचेस्टरच्याच नगरपालिकेने एका नाट्यगृहाच्या कंपनीवर, शहराचे चिन्ह नाट्यगृहात आणि कंपनीच्या शिक्क्यात वापरल्याबद्दल, डिसेंबर १९५४ मध्ये दावा लावला आणि जिंकला. त्यासाठी दोनशेहून अधिक वर्षे न बसलेले कोर्ट ऑफ शिव्हलरी, म्हणजे चिन्हांचे तंटे ऐकणारे जुने न्यायालय, पुन्हा भरवावे लागले.

एक अपवाद सांगायला हवा. पोलंडमध्ये एकच चिन्ह अनेक, एकमेकांशी नाते नसलेली घराणी वापरत आली. तिथे चिन्ह समूहाचे होते. महाराष्ट्रात या प्रकाराच्या जवळ जाणारी गोष्ट आहे देवक. कळंब, पंचपल्लव, वासनवेल, साळुंकीचे पीस, शंख: देवक कुळाचे असते, लग्नाआधी पूजले जाते, आणि एक देवक असलेल्यांत सोयरीक होत नाही. ते कोणा राजाने दिलेले नाही, ढालीवर काढायचेही नाही. शिक्क्याची गोष्ट उलट. शिवाजी महाराजांची 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही अष्टकोनी मुद्रा त्यांच्या स्वतःच्या नावाची, 'शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा'. संभाजी महाराजांनी ती चालवली नाही. त्यांची मुद्रा 'श्री शंभोः शिवजातस्य' अशी वेगळी. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव आधी आणि पेशव्याचे नंतर येते. म्हणजे मराठी परंपरेत व्यक्तीचे चिन्ह आणि कुळाचे चिन्ह या दोन निरनिराळ्या व्यवस्था होत्या, आणि त्यांतली एकही इंग्रजी ढाल-तुऱ्याच्या व्यवस्थेशी पूर्ण जुळत नाही. महाराजांच्या मुद्रेला इंग्रजी लेखात 'शिवाजीज क्रेस्ट' म्हणणे म्हणूनच चूक आहे. तो कागदावर उमटवायचा शिक्का आहे आणि त्याचा आत्मा त्यातल्या अक्षरांत आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत विक्रांत नौदलात दाखल होताना जो नवा नौदलध्वज आला, त्याच्या अष्टकोनाची प्रेरणा या मुद्रेची. त्या अष्टकोनात राजचिन्ह, नांगर आणि 'शं नो वरुणः' हे ब्रीद आहे. नौदल आपल्या चिन्हाला क्रेस्ट म्हणते, तो सैनिकी वापर आहे आणि तो तिथे ठीक आहे. मागे जाऊन तो शब्द सतराव्या शतकावर चिकटवू नये.

मग शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या राजवाड्यांत ढाल, राखणदार प्राणी आणि ब्रीद असलेली चिन्हे दिसतात ती कुठून आली? या प्रकाराला मोठी चालना दिली १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबाराने. व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित करताना व्हाइसरॉय लिटनने प्रमुख संस्थानिकांना ध्वज दिले. त्यांवरची चिन्हे रॉबर्ट टेलर या बंगालच्या मुलकी नोकरीतल्या अधिकाऱ्याने बेतली होती. घराण्यांच्या कथा, त्यांची आधीची निशाणे, इंग्रजांशी आलेला संबंध, हे सगळे त्याने युरोपीय साच्यात बसवले. आपली निशाणे लांब, फडफडणारी. त्यांवर ढालीची मांडणी बसेना, म्हणून पाच फूट लांब-रुंद रेशमी ध्वज केले आणि ते इतके जड झाले की उचलायला धट्टेकट्टे शिपाई लागले. या चिन्हांतला नाग किंवा सूर्य घराण्यात जुना असेल. मांडणी मात्र इंग्रजी आहे. संग्रहालयाच्या पाटीवर 'घराण्याचे प्राचीन राजचिन्ह' असे लिहिणे म्हणजे लिटनच्या दरबाराला पुराणकाळात नेऊन ठेवणे. पाटीवर सन हवा, आणि कोणता भाग घराण्याचा, कोणता दरबाराच्या वेळचा, हे हवे. त्याने घराण्याचा मान कमी होत नाही.

भारताच्या राजचिन्हाबाबतही नावाची काळजी घ्यावी. २६ जानेवारी १९५० पासूनचे हे चिन्ह सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरून घेतले आहे. त्याला ढाल नाही, शिरस्त्राण नाही, तुरा नाही. त्याला कोट ऑफ आर्म्स किंवा क्रेस्ट म्हणायचे कारण नाही. मराठीत 'राजमुद्रा' रूढ आहे, पण २००५ चा कायदा ज्याचा अनधिकृत वापर रोखतो आणि ज्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगतो, ते हे राजचिन्ह. भेटकार्डावर किंवा गाडीच्या काचेवर ते छापणारा माणूस 'हा तर नुसता लोगो' म्हणतो, तेव्हा शब्दाच्या ढिलाईची किंमत कळते.

ज्यांना ही चिन्हे वाचायची, काढायची किंवा अनुवादायची आहेत त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. हेरल्ड्रीत खरा ऐवज चित्र नव्हे, शब्दांतले वर्णन असते. आधी पार्श्वभूमीचा रंग, मग मुख्य आकृती आणि तिचा रंग, मग बाजूच्या गोष्टी. 'निळ्यावर सोनेरी तिरपा पट्टा' एवढ्यावर कोणताही चित्रकार काढील ती ढाल बरोबरच. निळा फिका की गडद याला महत्त्व नाही. म्हणून दोन समाध्यांवरचे सिंह वेगळ्या वळणाचे दिसले तर चिन्ह बदलले असे समजू नये. उजवे-डावे ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात, पाहणाऱ्याच्या नव्हे. अनुवादात सर्वाधिक चुका इथेच होतात, आणि वर्णनावरून नवे चित्र काढणारा सिंह उलट्या तोंडाचा काढतो. रंगांचा नियमही नुसता सौंदर्याचा नाही: सोनेरी आणि रुपेरी हे धातू, लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे रंग. रंगावर रंग किंवा धातूवर धातू ठेवायचा नाही, कारण निळ्यावरचा काळा पक्षी पन्नास पावलांवरून दिसत नाही. सोनेरी म्हणून पिवळा आणि रुपेरी म्हणून पांढरा चालतो. पालिका आणि शाळा आपली बोधचिन्हे करताना लालवर हिरवे, हिरव्यावर निळे असे काही करतात आणि ते शिक्क्यात काळा डाग होऊन उमटते. हा आठशे वर्षांचा नियम तिथे फुकट उपयोगी पडेल.

हे सगळे प्रत्यक्ष पाहायला इंग्लंड गाठायची गरज नाही. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज घराण्यांच्या कोरीव समाधिशिला बसवलेल्या आहेत. पोर्तुगीज प्रथा इंग्रजीहून वेगळी असली तरी ढाल, शिरस्त्राण आणि तुरा हे भाग तेच. जिथे तिन्ही कोरले आहेत तिथे कुठला कुठे संपतो ते बोटाने दाखवता येते.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या, तिथले नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला खरेच चिन्ह हवे असेल, तर त्याने दुकानातला तयार माल घेऊ नये. कॉलेज ऑफ आर्म्सकडे स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. शुल्क काही हजार पौंडांचे आहे. शिक्षण, काम, सार्वजनिक जीवन यांची माहिती द्यावी लागते. परवानगी मिळाल्यावर हेरल्ड, म्हणजे तिथला चिन्हांचा अधिकारी, अर्जदाराशी बोलून ढाल आणि तुरा बेततो, तसे दुसऱ्या कोणाचे आधीच नाही ना हे नोंदवह्यांतून तपासतो, आणि शेवटी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली, रंगवलेली सनद मिळते. त्या ढालीवर कोणा अनोळखी इंग्रज सरदाराचा सिंह घालण्यापेक्षा सोनेरी पार्श्वभूमीवर हिरवे कळंबाचे पान घालावे. रंगांच्या नियमात ते बसते, आणि पान कुळाचे असले तरी ढाल त्या माणसाची आणि त्याच्या वंशजांची राहते.